घरातलं तारेचं नेटवर्क वेगवान करताना: एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

दुमजली घर. वरच्या मजल्यावरच्या खोलीत ताई माहितीपट आणि मुलाखतींचं व्हिडिओ संपादन करते. धाकटा भाऊ छायाचित्रकार, त्याचं टेबल खालच्या मजल्यावर. आईही खालीच असते. ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत आणि वेगाचे आकडे जवळपासचे दिले आहेत. घटनाक्रम आणि निर्णय मात्र झाले तसेच आहेत.

बहीणभावाचं सगळं काम एका जुन्या डेस्कटॉपवर साठतं. भावाने त्यात लिनक्स आणि सांबा (विंडोजच्या संगणकांना नेटवर्कवरून फाइली पुरवणारा प्रोग्रॅम) टाकून त्याचा फाइल सर्व्हर केला होता. जिन्याखालच्या कपाटात राउटरशेजारी तो ठेवलेला. आत दोन मोठ्या हार्ड डिस्क, एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या: एकीवर जे लिहिलं जातं ते दुसरीवरही तसंच जातं, म्हणजे एक डिस्क गेली तरी काम बुडत नाही. याशिवाय आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर वेगळा बॅकअप. ही शिस्त फार कमी घरांत दिसते. पुढे जी तडजोड करता आली ती या शिस्तीमुळेच.

घर बांधतानाच वायरमनने जिन्याखालून वरच्या खोलीपर्यंत कॅट फाइव्ह ई जातीची नेटवर्कची एक केबल भिंतीतल्या पाइपातून ओढून ठेवली होती. अंतर वीस-बावीस मीटरच्या आसपास. वरच्या टोकाला भिंतीत जॅक, तिथून टेबलाखालच्या छोट्या स्विचला (एका तारेवर अनेक उपकरणं जोडणारी डबी) तार, आणि स्विचवर ताईचा संगणक, प्रिंटर वगैरे. वायफाय घरात होतंच, पण इतक्या मोठ्या फाइलींसाठी त्याचा विचार दोघांनीही केला नव्हता. ते योग्यच होतं.

अडचण

एका मोठ्या चित्रीकरणाचं साहित्य चारशे गिगाबाइटच्या घरात जायचं. ते ताईच्या संगणकावरून सर्व्हरवर टाकायला साडेनऊ-दहा तास लागत. ती रात्री कॉपी लावून झोपायची, आणि सकाळी उठून बघावं तर पट्टी अजून सरकतच असायची. मध्येच लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून. यातून एक वाईट सवय लागली: प्रकल्प पूर्ण झाल्याशिवाय सर्व्हरवर काही टाकायचंच नाही. म्हणजे कामाचा सर्वांत महत्त्वाचा काळ सगळं साहित्य एकाच संगणकात, एकाच प्रतीत. माझ्या मते खरी अडचण ही होती. वाट बघावी लागते हा त्रास आहे. पण वाट बघायला नको म्हणून माणूस बॅकअप टाळतो, तेव्हा तो धोका होतो.

मला बोलावलं तोवर भावाचं मत ठरलेलं होतं. "ताई, सरळ दहा गिगाबिटचंच करून टाकू. एकदाच काय तो खर्च." एका ऑफिसातल्या मोडीत काढलेल्या सर्व्हरचं दहा गिगाबिटचं कार्डही त्याने मिळवून ठेवलं होतं.

ताई म्हणाली, "अरे, पण आत्ता कॉपी होताना तो अकराचा आकडा दिसतो, तो अकराच का? आधी ते तरी कळू दे."

त्या दिवशीचा सगळ्यांत कामाचा प्रश्न हाच होता.

आधी मोजमाप

कॉपीच्या खिडकीत दिसणारा वेग मेगाबाइटमध्ये असतो, नेटवर्कचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात. आठ बिटांचा एक बाइट. त्यामुळे शंभर मेगाबिटच्या तारेतून सेकंदाला साडेबारा मेगाबाइटपेक्षा जास्त जाऊच शकत नाही, आणि डेटा ज्या छोट्या तुकड्यांनी, म्हणजे पाकिटांनी, जातो त्यांवरचे पत्ते वगैरे वजा जाता हातात साडेअकराच्या आसपास पडतात. एक गिगाबिटच्या, म्हणजे हजार मेगाबिटच्या, तारेतून हेच ११० ते ११८. म्हणून कॉपी अकरावर अडकलेली दिसली की डिस्क, अँटिव्हायरस किंवा विंडोजवर संशय घेण्याआधी तारेकडे बघावं. वाटेत कुठेतरी जोडणी शंभर मेगाबिटवर उतरलेली असते.

ताईच्या संगणकावर नेटवर्क कार्डाची स्थिती उघडली. तिथे १००० दिसत होते. भाऊ लगेच म्हणाला, "म्हणजे तार ठीक आहे!" पण तो आकडा फक्त संगणक ते टेबलाखालचा स्विच एवढ्या हातभर तारेचा होता. भिंतीतल्या केबलवर काय चाललंय ते संगणकाला कळतच नाही. स्विचवर वाकून बघितलं तर संगणकाच्या पोर्टचा दिवा हिरवा आणि भिंतीकडे जाणाऱ्या पोर्टचा पिवळा. त्या स्विचवर हिरवा म्हणजे गिगाबिट आणि पिवळा म्हणजे त्याहून कमी. प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे असतात, तेव्हा आपल्या स्विचचं कागदपत्र बघूनच अर्थ लावावा.

मग आयपर्फ३ चालवलं. या छोट्या प्रोग्रॅममध्ये डिस्कला हातच लागत नाही. एका संगणकाच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत नुसता डेटा ढकलला जातो, त्यामुळे जो आकडा येतो तो निव्वळ नेटवर्कचा. आकडा आला ९४ मेगाबिट. दोष नेटवर्कमध्येच आणि तोही भिंतीतल्या केबलवर, हे पक्कं झालं.

तपकिरी जोडी

नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोन वळून केलेल्या चार जोड्या. शंभर मेगाबिटला त्यांतल्या दोनच जोड्या पुरतात: १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा. १९९९ सालच्या गिगाबिटच्या मानकाला मात्र चारही जोड्या लागतात, कारण ते एकाच वेळी चारही जोड्यांवरून दोन्ही दिशांनी बोलतं. एखादी जोडी तुटकी असली तर बरीच उपकरणं गिगाबिटचा प्रयत्न करून बघतात आणि मग मुकाट्याने शंभरवर येऊन बसतात. कुठेही सूचना येत नाही. इंटरनेट चालतं, प्रिंटर चालतो, आणि घरातल्या कुणाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही.

टेस्टर (प्रत्येक तार सलग आहे का ते दिव्याने दाखवणारं उपकरण) दोन्ही टोकांना लावला. एकेक दिवा लागत गेला: एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सात आणि आठ अंधारात. सात-आठ म्हणजे तपकिरी जोडी. वरच्या खोलीतला जॅक उघडला. सहा तारा खाचांत नीट बसवलेल्या. तपकिरी आणि पांढरी-तपकिरी मात्र मागे वळवून, काळी चिकटपट्टी गुंडाळून, शेजारच्या टेलिफोनच्या जॅकला दिलेल्या. खालच्या टोकालाही तेच. जिन्याखालच्या पेटीतून ती जोडी आईच्या खोलीतल्या इंटरकॉमला गेली होती. वायरमनने त्या काळी वेगळी तार ओढण्याचे कष्ट वाचवले होते. शंभर मेगाबिटच्या दिवसांत ते चालूनही गेलं असतं.

इथे पहिला निर्णय आला आणि तो तांत्रिक नव्हता. जोडी परत घ्यायची म्हणजे इंटरकॉम बंद. आणि आई दिवसातून कितीतरी वेळा तो वापरते. गुडघ्यांमुळे जिना चढणं तिला जमत नाही. भावाचं म्हणणं, "आई मोबाइलवर फोन करेल की." ताईला ते पटेना. संपादन करताना तिचा मोबाइल मुद्दाम दुसऱ्या खोलीत असतो. मीही ताईच्या बाजूने होतो. घरातल्या एका माणसाची रोजची सोय काढून दुसऱ्याच्या फाइली पळवायच्या, हे नेटवर्क सुधारणं नव्हे. शेवटी बिनतारी फोनची जोडी आणायचं ठरलं: तळ खाली आणि दोन फोन, एक आईच्या उशाशी, एक ताईच्या टेबलावर. तो आला, आईने वापरून बघितला, "आवाज आधीपेक्षा स्वच्छ येतो" म्हणाली, आणि त्यानंतरच जॅकला हात लावला.

दोन्ही टोकांचे जॅक नवे बसवले. असं करताना जोडीचा पीळ खाचेच्या अगदी जवळपर्यंत ठेवायचा असतो; तेरा मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही. जुन्या टोकांवर दोन-अडीच इंच तारा सरळ करून ठेवल्या होत्या. पीळ असतो तो एका जोडीचा आवाज दुसरीत शिरू नये म्हणून, आणि वेग वाढवायचा तर त्याचं महत्त्व वाढत जातं.

दिवा हिरवा झाला. आयपर्फ३ चा आकडा ९४० मेगाबिटच्या आसपास. हा हजाराला का पोचत नाही, असं भावाने विचारलं. नेहमीच्या आकाराचं प्रत्येक पाकीट तारेवर १५३८ बाइटांची जागा घेतं आणि त्यातले कामाचे साधारण १४४८. गुणोत्तर काढलं की ९४१ येतात. म्हणजे तार पूर्ण क्षमतेने चालली होती. कॉपी ११२ मेगाबाइटने होऊ लागली. दहा तासांचं काम तासाभरावर आलं, आणि अजून एकही नवं कार्ड किंवा स्विच लागला नव्हता.

पर्यायांचा विचार

इथे थांबणं हा पहिला पर्याय होता आणि मी तो मनापासून सुचवला. तासाभरात कॉपी म्हणजे जेवायला जाताना लावावी आणि परत येऊन बघावी. बहुतेक घरांना एवढं भरपूर आहे. पण ताईचं म्हणणं वेगळं होतं. चित्रीकरणाचे सलग दिवस असले की रोज एवढं साहित्य येतं आणि त्याच संध्याकाळी तिला ते सर्व्हरवर सुरक्षित हवं असतं. शिवाय जुन्या प्रकल्पातला एखादा भाग परत काढायचा तर तेव्हाही तेच तासभर. गरज खरी होती. मग प्रश्न उरला, पुढे किती जायचं?

तो ठरवायला डिस्क मोजल्या. मेमरीच्या आकारापेक्षा मोठी फाइल घेऊन मोजायचं, कारण लहान फाइल मेमरीतच साठते आणि आकडा खोटा फुगतो. ताईच्या संगणकातल्या एनव्हीएमई एसएसडीची (फिरत्या तबकडीऐवजी चिपवर साठवणाऱ्या वेगवान डिस्कची) काळजी नव्हती; ती सेकंदाला हजारांत वाचत-लिहीत होती. सर्व्हरच्या हार्ड डिस्क मात्र दीडशे मेगाबाइटच्या आसपास अडकल्या. नव्या असताना त्याच दोनशेच्या वर देत होत्या, असं भावाने सांगितलं, आणि ते बरोबर होतं. डिस्कच्या तबकडीचा बाहेरचा घेर मोठा, तिथे एका फेऱ्यात जास्त डेटा मावतो. भरत भरत आतल्या घेराकडे गेलं की वेग निम्म्यापर्यंत उतरतो. या डिस्क पाऊण भरलेल्या होत्या. आणि एकमेकींची प्रत ठेवणाऱ्या जोडीत लिहिण्याचा वेग एकाच डिस्कएवढा असतो, कारण दोघींना तेच लिहायचं असतं.

याचा अर्थ भावाला कागदावर मांडून दाखवला. आजची तार ११२. अडीच गिगाबिटची तार दिली तर ती २८० ते २९० नेऊ शकेल, पण डिस्क १५० घेतील. दहा गिगाबिटची दिली तर ती हजाराच्या वर नेऊ शकेल, आणि डिस्क तरी १५० च घेतील. तार कितीही रुंद केली तरी पुढचं दार तेवढंच. तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे आधी सर्व्हरमध्ये एसएसडी पाहिजे." इथून चर्चेची दिशा बदलली.

दोन गिगाबिट पोर्ट एकत्र बांधायचा पर्याय लवकर बाद झाला. अशा बांधणीत एकाच कॉपीचा प्रवाह बहुधा एकाच तारेने जातो. फायदा होतो तो बरेच जण एकदम काम करत असतील तेव्हा. विंडोज आणि सांबाचं मल्टिचॅनेल दोन तारांवर एक कॉपी वाटू शकतं हे खरं, पण भिंतीत तारच एक होती.

दहा गिगाबिट भिंतीतून नेणं हा भावाचा आवडता पर्याय. तांब्याच्या तारेवरच्या दहा गिगाबिटचं मानक २००६ सालचं. शंभर मीटरपर्यंत त्याला कॅट सिक्स ए केबल लागते, आणि कॅट सिक्सवर चांगल्या परिस्थितीत पंचावन्न मीटरपर्यंत चालतं. कॅट फाइव्ह ई त्या मानकात बसत नाही. वीस मीटरला बऱ्याचदा चालून जातं, हे मी स्वतः पाहिलं आहे, पण बऱ्याचदा चालून जाणाऱ्या गोष्टीवर दुसऱ्याच्या कामाचं साहित्य ठेवायला मी तयार नसतो. नवी केबल ओढता येते का ते बघायला वायरमनला बोलावलं. त्याने वरून पाइपात तार ओढायची स्प्रिंग घातली; ती जिन्याच्या वळणावर अडली. खालून घातली, तिथेच अडली. पाइप वळणावर बहुतेक प्लास्टरने चेपला असावा. फायबर बारीक असते, ती तरी जाईल का, हेही बघितलं. पण स्प्रिंगच जात नाही तिथे फायबर कशाच्या आधाराने ओढणार? भिंत फोडणं त्या वेळी कुणालाच नको होतं.

भावाच्या जुन्या कार्डाचीही अडचण होती. ते दहा किंवा एक गिगाबिट एवढंच जाणत होतं. मधले अडीच आणि पाच गिगाबिट २०१६ च्या मानकाने आले. त्याआधीच्या बऱ्याच कार्डांना ते ठाऊकच नाहीत. अडीचच्या स्विचला लावलं असतं तर ते एक गिगाबिटवर आलं असतं. शिवाय ते सर्व्हरच्या जोरदार पंख्यांच्या वाऱ्यात राहायला बनवलेलं. घरगुती डबीत ते तापतं. भावाने ते बाजूला ठेवलं, थोडं नाराजीनेच.

सर्वांत जवळचा सामना झाला तो वेगळ्याच पर्यायाशी: सर्व्हर उचलून वर ताईच्या टेबलाखाली न्यायचा. मग ताईचा संगणक आणि सर्व्हर यांच्यात दोन-तीन मीटरची डीएसी केबल (दोन्ही टोकांना जोडणी आधीच बसवलेली तांब्याची केबल), दोन्हीकडे एसएफपी प्लसची, म्हणजे तशी केबल बसणारी, कार्डं, मध्ये स्विचही नको. दहा गिगाबिट मिळालं असतं, भिंतीतल्या केबलचा प्रश्नच उरला नसता, उष्णताही कमी. मला स्वतःला हा पर्याय फार आवडला होता. ताईने एकच गोष्ट विचारली, "हार्ड डिस्कची घरघर मुलाखतीचा आवाज साफ करताना ऐकू येईल ना?" येणारच. दिवसभर हेडफोन लावूनच बसायची तिची तयारी नव्हती. आणि मग खालच्या भावाचं सगळं काम त्याच एका भिंतीतल्या केबलवरून वर-खाली करत बसलं असतं. ज्या घरात संपादनाच्या खोलीशेजारी एखादी बंद खोली आहे, तिथे मात्र मी आजही हाच पर्याय आधी सुचवेन.

निर्णय

ठरलं ते असं: भिंतीतली केबल तीच ठेवायची आणि तिच्यावर अडीच गिगाबिट चालवायचं. २०१६ चं मानक मुळात याच कामासाठी आलं, म्हणजे भिंतींत आधीच पडलेल्या कॅट फाइव्ह ई केबली न काढता जास्त वेग मिळावा म्हणून. शंभर मीटरपर्यंत ते चालतं. इथे अंतर त्याच्या पावभरही नव्हतं. सर्व्हरमध्ये एक साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर चालणारी) एसएसडी घालायची, आणि नवं साहित्य आधी तिच्यावर उतरवायचं. रात्री सर्व्हरने स्वतःहून ते हार्ड डिस्कच्या जोडीवर न्यायचं.

या मांडणीत एक भोक होतं आणि त्यावर बराच वेळ बोलणं झालं. रात्र होईपर्यंत साहित्य सर्व्हरवर एकाच एसएसडीवर असणार. तिची दुसरी प्रत नाही. एसएसडी मेली तर? यावर दोन एसएसडींची जोडी हा उपाय होता, पण त्या जुन्या डेस्कटॉपवर तेवढे साटा पोर्ट शिल्लक नव्हते. मग नियम केला: कॅमेऱ्याची कार्डं दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रीच्या हलवणीचा अहवाल बघितल्यावरच पुसायची. हलवणीच्या स्क्रिप्टने आधी कॉपी करायची, मग दोन्हीकडच्या चेकसम (फाइलीतल्या डेटावरून काढलेले पडताळणीचे आकडे) जुळवायच्या, जुळल्या तरच एसएसडीवरचं काढायचं. ताईने चित्रीकरणासाठी कार्डांचा एक जास्तीचा संच घेतला. वेगासाठी सुरक्षिततेत केलेली तडजोड अशी उघड लिहून, तिला वेसण घालून करावी. नकळत होऊन गेलेली तडजोड फार महाग पडते.

प्रत्यक्ष काम

दोन्हीकडे अडीच गिगाबिटचा एकेक साधा पाच पोर्टचा स्विच. ताईच्या संगणकाच्या मदरबोर्डवर अडीचचा पोर्ट आधीपासूनच होता. तिला ते माहीत नव्हतं. सर्व्हरमध्ये कार्ड घातलं. ते सगळ्यांत छोट्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसतं, आणि दुसऱ्या पिढीची ती खाच असली तरी सेकंदाला पाचशे मेगाबाइट देते, म्हणजे अडीच गिगाबिटच्या ३१२ ला पुरून उरते. राउटर बदलायचं कारण नव्हतं. तो खालच्या स्विचला एका तारेने जोडला. घरातल्या घरात चालणाऱ्या कॉपी आता एका स्विचवरून दुसऱ्या स्विचला जातात, राउटरमधून जातच नाहीत. त्याचे पोर्ट एक गिगाबिटचे असले तरी फरक पडत नाही. अनेकांना या जागी महागडा राउटर घ्यायला लावलं जातं, म्हणून मुद्दाम सांगतो.

पहिल्या चाचणीत पुन्हा ९४०. हा आकडा आता ओळखीचा झाला होता. वाटेत कुठेतरी एक गिगाबिट शिल्लक होतं. जुना स्विच टेबलाखालून काढायचा राहिला होता आणि ताईच्या संगणकाची तार अजून त्याच्यातूनच फिरत होती. तो काढला आणि आकडा २.३५ गिगाबिटवर गेला. दोन्ही दिशांनी चालवून बघितलं, मग रात्रभर चालू ठेवलं आणि सकाळी स्विच आणि कार्डाचे चुकांचे काउंटर बघितले. शून्य. पाच मिनिटांच्या चाचणीवर विसंबू नये. कच्चा जोड कधी कधी तापल्यावरच दगा देतो.

पाकिटाचा आकार १५०० वरून ९००० करावा का, हे भावाने विचारलं. तसं करायचं तर त्या जाळ्यातलं प्रत्येक उपकरण त्याच आकाराला तयार हवं. प्रिंटर, टीव्ही, पाहुण्यांचा लॅपटॉप यांतलं एक जरी नसलं तरी अशा विचित्र अडचणी येतात की कारण शोधता शोधता दिवस जातो. अडीच गिगाबिटला १५०० वरच पूर्ण वेग मिळत होता. ते तसंच ठेवलं.

निकाल

ताईच्या संगणकावरून सर्व्हरच्या एसएसडीवर कॉपी २८० मेगाबाइटच्या आसपास होऊ लागली. चारशे गिगाबाइटला पंचवीस मिनिटांच्या आत-बाहेर.

आणि तरीही पहिल्याच चित्रीकरणानंतर ताईचा फोन आला, "अरे, नव्वदच दाखवतंय!" ती कॅमेऱ्याचं कार्ड लावून थेट सर्व्हरवर टाकत होती. तिची एसडी कार्डं यूएचएस एक प्रकारची. त्या जोडणीची कमाल मर्यादाच १०४ मेगाबाइट. नेटवर्क तिप्पट वेगाने न्यायला तयार, पण कार्ड देतच नव्हतं. उपाय कामाच्या पद्धतीत होता. कार्ड आधी संगणकाच्या एसएसडीवर उतरवायचं, आणि दुसरं कार्ड उतरत असताना पहिल्याचं साहित्य सर्व्हरवर जाऊ द्यायचं. आता शेवटचं कार्ड उतरून झालं की थोड्याच वेळात सर्व्हरवरचंही आटोपतं. संध्याकाळचं काम संध्याकाळी मिटतं, आणि मुख्य म्हणजे प्रकल्प संपेपर्यंत बॅकअप पुढे ढकलायची सवय सुटली.

भावाचा अनुभव संमिश्र होता. त्याच्या कच्च्या छायाचित्रांच्या फाइली तीस-चाळीस मेगाबाइटच्या, त्या झपाट्याने जाऊ लागल्या. पण संपादनाच्या प्रोग्रॅमची लघुचित्रं आणि इतर किरकोळ फाइली असलेला फोल्डर पूर्वीइतकाच रेंगाळत होता. बारीक फाइलींच्या बाबतीत वेळ जातो तो प्रत्येक फाइल उघडण्या-बंद करण्यात आणि सर्व्हरशी होणाऱ्या प्रश्नोत्तरांत. तार रुंद करून तो वाचत नाही. तो फोल्डर त्याने लॅपटॉपवरच ठेवला आणि सर्व्हरवर त्याची बांधलेली एकच फाइल पाठवायला लागला. लॅपटॉपला त्याने यूएसबीचं अडीच गिगाबिटचं अडॅप्टर घेतलं. ते मात्र यूएसबी तीनच्याच खाचेत लावावं लागतं. दोनच्या खाचेची मर्यादा ४८० मेगाबिट, तिथे पस्तीस-चाळीस मेगाबाइटपुढे सरकत नाही.

आता करायचं तर वेगळं काय

खरेदीचा क्रम बदलावा. जुनं दहा गिगाबिटचं कार्ड आधी घरात आलं आणि मग त्याच्याभोवती योजना रचली जात होती. आधी आयपर्फ३, मग डिस्कची मोजणी, मग कॅमेऱ्याच्या कार्डापासून सर्व्हरच्या डिस्कपर्यंत प्रत्येक टप्प्याचा आकडा एका कागदावर, आणि खरेदी शेवटी. कार्डाचा टप्पा त्या कागदावर पहिल्या दिवशीच आला असता तर ताईचा पहिल्या संध्याकाळचा हिरमोड टळला असता.

सर्व्हरच्या बाबतीत दुसराही रस्ता होता. एसएसडी घालण्याऐवजी डिस्क बदलून मोठ्या घेतल्या असत्या तर रिकाम्या बाहेरच्या घेरावर दोनशेच्या वर वेग मिळाला असता आणि रात्रीची हलवणी, चेकसम, नियम यांतलं काहीच लागलं नसतं. पंचवीसऐवजी पस्तीस मिनिटं लागली असती. ज्यांना अहवाल रोज बघायची सवय नाही, त्यांना मी हाच रस्ता सांगेन. ताई बघते, म्हणून तिच्याकडे एसएसडीची मांडणी टिकली आहे.

पाइपाचा प्रश्न अजून तसाच आहे. घराची रंगरंगोटी निघेल तेव्हा जिन्याच्या वळणावर भिंत तेवढीच उघडायची, चेपलेला तुकडा बदलायचा आणि त्यातून कॅट सिक्स एच्या दोन केबली न्यायच्या, असं घरच्यांचं ठरलं आहे. एक वापरायला, दुसरी पडून राहायला. केबल निवडताना ती शुद्ध तांब्याची आहे ना हे छिलून बघायचं. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते, पण मानकात बसत नाही आणि जॅकमध्ये बसवताना तुटते. सोबत पाइपात एक मजबूत दोरी सोडून ठेवायची, पुढच्या ओढणीसाठी. आणि प्लास्टर करण्याआधी त्या वळणाचे मोजपट्टी धरून फोटो काढायचे, ते भावाने सर्व्हरवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायचे, ही जबाबदारी ताईने त्याच्याकडे सोपवली आहे.